नव्या बासूनची निगा आणि साधनसामग्री

पाश्चात्य वाद्यवृंदातील काष्ठवाद्यांच्या रांगेत वादकाच्या डोक्याच्याही वर ज्याचे टोक दिसते, ते वाद्य म्हणजे बासून. सनई, नागस्वरम् आणि सोलापूरकडची सुंदरी या वाद्यांप्रमाणेच त्याचा नादही दुहेरी पत्तीच्या कंपनातून निर्माण होतो. मात्र सनईचा सूर जितका उंच व तेजस्वी, तितकाच बासूनचा सूर खर्जातला आणि गंभीर असतो. विवाल्डीने या वाद्यासाठी एकोणचाळीस कंचेर्तो लिहिले, त्यांपैकी दोन अपूर्ण राहिले. मोझार्टने १७७४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आपला बासून कंचेर्तो रचला. स्ट्राविन्स्कीच्या १९१३ मधील ‘वसंतबली’ या सुप्रसिद्ध नृत्यनाट्यसंगीताचा प्रारंभ एकट्या बासूनच्या अतिशय उंच सुरांनीच होतो. ज्या वाद्याकडे साथीचे वाद्य म्हणून पाहिले जाई, त्याची कुवत किती विस्तृत आहे, हे या एकाच उदाहरणावरून कळून येते.

उत्तम बासूनची किंमत एखाद्या मोटारगाडीइतकी, कित्येकदा तिच्याहूनही अधिक असते. विद्यार्थ्यांसाठी बनविलेले साधे वाद्यदेखील स्वस्त म्हणता येत नाही. तरीही नवे वाद्य बिघडते ते बहुधा अपघाताने नव्हे, तर पहिल्या काही महिन्यांतील अज्ञानाने. वाद्याच्या पोटात साचलेले चमचाभर पाणी, जोडणीच्या वेळी लावलेला थोडासा अनावश्यक जोर, ओलीच ठेवून दिलेली पत्ती, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचा परिणाम वर्षा-दोन वर्षांनी दिसू लागतो आणि तेव्हा उपाय खर्चिक झालेला असतो. म्हणून वाद्य घरी आल्यावर त्याची रचना समजून घेणे, हे निगा राखण्याचे पहिले पाऊल होय.

वाद्याची रचना

बासूनची नळी सरळ केली तर ती सुमारे अडीच मीटर लांब भरेल. एवढी लांब नळी हाती धरता येणे अशक्य असल्यामुळे ती मध्ये दुमडलेली असते व त्यामुळे वाद्याची उंची सुमारे १३५ सेंटीमीटर एवढीच राहते. नळीचा अंतर्भाग शंक्वाकार असतो. वादकाच्या तोंडाकडील टोकाशी त्याचा व्यास जेमतेम चार मिलिमीटर असतो, तर दुसऱ्या टोकाशी तो चार सेंटीमीटरच्या आसपास पोहोचतो. या क्रमशः रुंदावणाऱ्या पोकळीवरच वाद्याचे सुरेलपण अवलंबून असते.

वाद्याचे पाच भाग सुटे करता येतात. सर्वांत खालच्या, जाड भागाला ‘बूट’ असे म्हणतात. त्यात दोन समांतर पोकळ्या कोरलेल्या असून तळाशी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या धातूच्या नळीने त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बुटाच्या लहान पोकळीत ‘पंखभाग’ बसतो. त्याच्या एका बाजूचे लाकूड पंखासारखे बाहेर आलेले असते, म्हणून हे नाव. मोठ्या पोकळीत ‘लांब भाग’ उभा राहतो आणि त्याच्या माथ्यावर ‘कर्णा’ येतो. पंखभागाच्या वरच्या टोकात ‘बोकल’ नावाची धातूची बारीक, वळणदार नळी खोचली जाते व तिच्या अग्रावर पत्ती बसविली जाते.

आज जगभर प्रचलित असलेल्या जर्मन पद्धतीच्या बासूनची घडण एकोणिसाव्या शतकात झाली. कार्ल आल्मेनरेडर या वादकाने स्वररंध्रांच्या जागा व चाव्यांची रचना यांत मूलगामी सुधारणा केल्या. योहान आडाम हेकेल या कारागिराच्या साहाय्याने १८३१ मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या बीब्रिख गावी जी कर्मशाळा सुरू झाली, ती आता वीसबाडेन शहराचा भाग बनलेल्या त्याच गावी अद्याप चालू आहे. फ्रेंच पद्धतीचा बासून यापेक्षा वेगळा असून त्याचे वादक आता थोडे उरले आहेत.

जर्मन पद्धतीचे वाद्य मेपलच्या लाकडाचे असते. हे लाकूड हलके आणि नादमधुर असते. परंतु शिसवासारखे घट्ट व तेलकट नसल्यामुळे पाणी चटकन शोषून घेते. म्हणूनच पंखभागाला आणि बुटाच्या लहान पोकळीला आतून एबोनाइट या कठीण रबराचे किंवा तत्सम पदार्थाचे अस्तर दिलेले असते. बुटाची मोठी पोकळी, लांब भाग व कर्णा यांचा अंतर्भाग मात्र उघड्या लाकडाचा असतो. एका बुटात शेजारीशेजारी असलेल्या या दोन पोकळ्यांमधील भेद नव्या मालकाने पक्का ध्यानात ठेवावा. निगेचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

पाण्याची वाट

वादकाचा श्वास शरीराच्या तापमानाचा आणि बाष्पाने भरलेला असतो. तो तुलनेने थंड नळीत शिरला की बाष्पाचे पाणी होते. हे पाणी बोकलमधून पंखभागात, तेथून बुटाच्या लहान पोकळीत उतरते आणि तळाच्या धातूच्या नळीत साचते. अस्तरामुळे येथवर लाकडाला धोका नसतो. परंतु वाद्य आडवे पडले किंवा भलत्या बाजूला कलले की तेच पाणी वळण ओलांडून अस्तर नसलेल्या मोठ्या पोकळीत जाते. लाकूड ते पिऊन फुगते, वाळताना आकसते व पुनःपुन्हा असे घडल्यास काळे पडून कुजू लागते. बुटाची कूज बाहेरून दिसत नाही. ती लक्षात येते तेव्हा बऱ्याच वेळा संपूर्ण बूट बदलण्याखेरीज गत्यंतर उरत नाही, आणि बूट हा वाद्याच्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे.

यावरून दोन नियम सहज निष्पन्न होतात. पहिला असा, की पाणी ज्या वाटेने आत आले त्याच वाटेने, म्हणजे अस्तर असलेल्या लहान पोकळीतूनच, बाहेर काढावे. दुसरा असा, की पाणी काढून टाकल्याशिवाय वाद्य कधीही आडवे ठेवू नये. मध्यंतरात थोडा वेळ ठेवावयाचे झाल्यास वाद्यासाठी बनविलेल्या तिवईवर ते उभे ठेवावे. भिंतीला किंवा खुर्चीला टेकवून ठेवलेला बासून घसरून पडतो, हे वाद्यवृंदातील प्रत्येकाने केव्हा तरी पाहिलेले असते.

पहिले सहा आठवडे

कारखान्यातून आलेले लाकूड कितीही काळ मुरविलेले असले, तरी दमट उष्ण श्वासाची त्याला सवय नसते. वाद्य पहिल्याच दिवशी तीन तास वाजविले, तर आतील थर फुगतो व बाहेरचा कोरडाच राहतो. या विषम ताणामुळे लाकडाला चीर पडण्याचा किंवा पोकळीचा आकार किंचित बिघडण्याचा संभव असतो. म्हणून पहिल्या आठवड्यात दररोज पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक वादन करू नये. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास, आणि पुढे हळूहळू वाढवीत पाच-सहा आठवड्यांनी नेहमीच्या सरावापर्यंत यावे. एकाच दिवशी दोनदा वाजवावयाचे असल्यास दोन बैठकींच्या मध्ये वाद्य पुसून काही तास विसावू द्यावे. या काळात अतिशय उंच सुरांचा हव्यास न धरता मधल्या व खालच्या सप्तकातील दीर्घ स्वर वाजविणे हितावह असते.

थंड प्रदेशात किंवा वातानुकूलित दालनात वाद्य गारठलेले असेल, तर पेटी उघडून ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. गार लाकडात एकदम उष्ण श्वास फुंकणे धोक्याचे असतेच, शिवाय थंड वाद्य सुरात उतरलेले असल्यामुळे वादकाचीही फसगत होते.

पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकपासून बनविलेल्या बासूनना हा रुळविण्याचा काळ लागत नाही. शिकागो वाद्यवृंदात १९२२ ते १९४९ या काळात प्रमुख बासूनवादक असलेल्या ह्यूगो फॉक्स यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेतील इंडियाना राज्यात जो कारखाना काढला, त्याने अशा वाद्यांचा विशेष प्रसार केला. ती चिरत नाहीत व कुजत नाहीत. पण त्यांच्याही चाव्यांखालच्या गाद्या पाण्याने खराब होतातच. तेव्हा पुसण्याच्या कामातून त्यांच्या मालकाची सुटका होत नाही.

जोडणी

वाद्य जोडताना वादकाने बसून घ्यावे आणि पेटी मांडीवर न ठेवता टेबलावर किंवा जमिनीवर ठेवावी. प्रथम पत्ती पाण्यात भिजत घालावी, म्हणजे जोडणी पुरी होईतो ती तयार होते. मग बूट हाती घेऊन त्यात पंखभाग बसवावा. भाग आत ढकलताना किंचित डावी-उजवीकडे फिरवीत न्यावा. सरळ दाब देऊ नये व हिसकेही देऊ नयेत. त्यानंतर लांब भाग त्याच्या शेजारी उतरवून दोन्ही भाग एकमेकांना अडकविणारी कळ लावावी. कर्ण्यावरील चावीची गादी अंगठ्याने दाबून धरून मगच तो लांब भागावर चढवावा. असे केले नाही, तर दोन भागांना सांधणारी चाव्यांची टोके एकमेकांवर आपटून वाकतात.

बोकल सर्वांत शेवटी बसवावा आणि वाद्य सुटे करताना सर्वांत आधी काढावा. त्याची धातू पातळ असते. तो बुचाच्या पट्टीजवळ, वळणाच्या खालच्या बाजूला धरावा; पत्तीकडील टोक धरून पिळल्यास त्याला पीळ पडतो किंवा सांध्यावर सूक्ष्म भेग जाते. बोकलच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र असते. ते झाकणाऱ्या लहान गादीला ‘व्हिस्पर चावी’ म्हणतात व खालच्या सप्तकातील स्वर स्थिर ठेवण्याचे काम ती करते. बोकल फिरविताना ही गादी उचललेली असावी, नाहीतर ती फाटते.

भागांच्या सांध्यांवर बुचाची पट्टी असते किंवा दोरा गुंडाळलेला असतो. बुचाला त्याच्यासाठी मिळणारे वंगण अगदी पातळ लावावे. दोऱ्याला मेणाचा हात पुरतो. नव्या वाद्याचे सांधे घट्ट असणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही हातांचा जोर लावूनही भाग आत जात नसेल, तर थांबावे. दोऱ्याच्या सांध्याचा एक मोठा गुण असा, की काही वेढे कमी करून तो सैल आणि काही वेढे वाढवून तो घट्ट करता येतो. बुचाची पट्टी घासून बारीक करण्याचे काम मात्र जाणकाराकडेच सोपवावे, कारण घासलेले बूच पुन्हा भरून येत नाही.

वाद्य हातात धरतानाही चाव्यांच्या दांड्यांवर मूठ आवळू नये. एकट्या डाव्या अंगठ्याच्या वाट्याला आठ-दहा चाव्या येतात. त्यांतील एखादी अर्धा मिलिमीटर वाकली, तरी तिच्याशी जोडलेली गादी नीट मिटत नाही आणि खालचे सर्व स्वर दुबळे होतात.

वादनानंतरची स्वच्छता

वादन संपताच पत्ती काढून पुसावी व बोकल उतरवून त्यातील पाणी जाड टोकाकडून फुंकर मारून काढावे. नंतर वाद्य सुटे करून बुटातील पाणी लहान पोकळीच्या तोंडातून ओतावे.

पोकळी पुसण्यासाठी रेशमी फडके वापरतात. त्याच्या एका टोकाला दोरी व वजन असते. पंखभागात वजन रुंद टोकाकडून सोडून अरुंद टोकाकडून बाहेर घ्यावे आणि फडके हळूहळू ओढावे. फडके अडकल्यास मागे ओढता यावे म्हणून त्याच्या दुसऱ्या टोकालाही दोरी असणे अत्यावश्यक आहे. अडकलेले फडके काठीने किंवा तारेने ढोसण्याचा मोह आवरावा. त्यामुळे अस्तरावर ओरखडे पडतात. बुटाच्या बाबतीत वजन मोठ्या, कोरड्या पोकळीतून आत सोडून बूट उलटा करावा, म्हणजे ते वळण घेऊन लहान पोकळीतून बाहेर येते. फडके याच दिशेने ओढले, म्हणजे ओल अस्तराच्या बाजूने बाहेर पडते व उघड्या लाकडापर्यंत पोहोचत नाही. उलट दिशेने ओढलेले फडके पाणी स्वतःच मोठ्या पोकळीत नेऊन पोहोचविते.

लांब भाग व कर्णा यांत सहसा पाणी येत नाही. पण अधूनमधून त्यांत कोरडे फडके फिरवावे. पूर्वीच्या काळी या कामासाठी पक्ष्याचे लांब पीस वापरीत. बोकल महिन्यातून एकदा कोमट पाण्याने व त्यासाठी मिळणाऱ्या लवचिक ब्रशाने आतून धुवावा, आणि त्याचे सूक्ष्म छिद्र उघडे आहे की नाही, हे पाहावे. या छिद्रात सुई घालून ते मोठे करू नये. जेवणानंतर किंवा गोड पेय घेतल्यावर चूळ भरून मगच वादनास बसावे, कारण लाळेबरोबर गेलेली साखर गाद्यांना चिकट करते. एखादी गादी चिकटू लागल्यास तिच्याखाली सिगारेटचा पातळ कागद धरून चावी हलकेच मिटावी व कागद काढून घ्यावा.

चाव्यांवर रोज मऊ, कोरडे सुती कापड फिरविणे पुरेसे असते. धातू चकाकविणारी द्रव्ये वापरू नयेत. ती गाद्यांत व आसांत शिरतात. चाव्यांच्या आसांना काही महिन्यांनी यंत्राच्या बारीक तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकाने द्यावा. गादीला तेलाचा स्पर्श होता कामा नये. आणखी एक सूचना क्षुल्लक वाटली तरी उपयोगी आहे : पेटीत रबराचे वेढे ठेवू नयेत. रबरातील गंधकामुळे चांदीचा मुलामा दिलेल्या चाव्या काळ्या पडतात.

आवश्यक साधने

नव्या वाद्याबरोबर पेटी, बहुधा दोन बोकल व पुसण्याचे एखादे फडके मिळते. उरलेली साधने वादकाने गरजेप्रमाणे जमवावीत. त्यांत अग्रक्रम पत्तीला द्यावा लागतो.

पत्ती अरुंडो डोनॅक्स या शास्त्रीय नावाच्या, बोरूसारख्या पोकळ दांड्याच्या उंच गवतापासून बनते. दक्षिण फ्रान्समधील वार परगण्यातील गवत त्यासाठी प्रसिद्ध आहे. दांड्याची चीप तासून, दुमडून, तारेच्या वेढ्यांनी व दोऱ्याने बांधून सुमारे साडेपाच सेंटीमीटर लांबीची पत्ती तयार होते. ती कितीही चांगली असली, तरी नियमित वादनात काही आठवड्यांपेक्षा अधिक टिकत नाही. सनईवादकाच्या वाद्याला जादा पत्त्या व त्या दुरुस्त करण्याची लहानशी सळई दोऱ्याने टांगलेली असते, तिच्यामागील अनुभव हाच आहे. बासूनवादकानेही निदान तीन-चार पत्त्या एकाच वेळी वापरात ठेवाव्यात व त्या पाळीपाळीने वाजवाव्यात. वादनापूर्वी पत्ती स्वच्छ पाण्यात तीन ते पाच मिनिटे भिजवावी. त्यासाठी झाकणाची लहान डबी जवळ असावी. वापर संपल्यावर ती हवेशीर डबीत ठेवावी. पत्तीसोबत दुकानातून येणारी बंद प्लास्टिकची नळी रोजच्या वापराला निरुपयोगी असते, कारण तीत ओल कोंडून बुरशी येते. आता कृत्रिम पदार्थांच्या पत्त्याही मिळतात. त्या भिजवाव्या लागत नाहीत व अधिक टिकतात, पण त्यांच्या नादाबद्दल वादकांत एकमत नाही.

पुढे वादक स्वतः पत्ती बनवू वा सुधारू लागतो. तेव्हा त्याला धारदार सुरी, बारीक कानस, पक्कड, पितळी तार, पत्ती धरण्याची निमुळती दांडी आणि पत्तीच्या दोन पात्यांमध्ये सरकविण्याची पातळ पट्टी लागते. पहिल्या वर्षात एवढा संच घेण्याची घाई करू नये. पक्कडीने तार किंचित दाबून पत्तीचे तोंड उघडणे वा मिटविणे एवढे जमले, तरी प्रारंभी पुरे होते.

बोकलवर बहुधा आकडा कोरलेला असतो. आकडा लहान तर बोकल आखूड व सूर किंचित चढा. आकडा मोठा तर बोकल लांब व सूर उतरता. सोबत आलेल्या दोन बोकलांपैकी कोणता आपल्या वाद्यवृंदाच्या सुराशी जुळतो, हे सूरमापक यंत्राच्या साहाय्याने ठरवावे. यूरोपातील अनेक वाद्यवृंद ४४० कंपनांऐवजी त्याहून थोड्या चढ्या सुरात लावलेले असतात. बोकल बदलल्याने वाद्याचा स्वभाव आश्चर्य वाटण्याइतका बदलतो. तथापि नवा बोकल घेण्याचा विचार वाद्य पुरते रुळल्यानंतर आणि चांगल्या पत्तीवरच करावा. वाईट पत्तीचा दोष बोकलच्या माथी मारून झालेला खर्च वाया जातो.

वाद्याचे वजन तीन किलोग्रॅमहून अधिक असते. ते पेलण्यासाठी बैठकीचा पट्टा वापरतात. हा पट्टा खुर्चीवर आडवा टाकून वादक त्यावर बसतो व पट्ट्याच्या टोकाच्या आकड्यात किंवा कातडी वाटीत बुटाचे तळ विसावते. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी, की मान न वाकविता पत्ती ओठांशी यावी. उभे राहून वाजविण्यासाठी खांद्यांवरून जाणारा पट्टा मानेच्या पट्ट्यापेक्षा श्रेयस्कर होय. लहान वयाच्या विद्यार्थ्यांच्या मानेवर सारा भार येऊ देणे अयोग्य आहे. उजव्या हातासाठी बुटावर बसविण्याचा आधारही मिळतो. ज्याचा हात लहान आहे, त्याला त्याची अडचणच वाटते; अशाने तो खुशाल काढून ठेवावा.

भारतीय हवामानात

भारतात बासूनवादक संख्येने थोडे आहेत. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आश्रयाने २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाल्यापासून या वाद्याचा पूर्ण मेळ्यातील आवाज येथील श्रोत्यांना नियमाने ऐकू येऊ लागला. परंतु वाद्याची दुरुस्ती जाणणारा कारागीर जवळपास सापडणे कठीण असते. तेव्हा यूरोपातील वादकाला जी काळजी घ्यावी लागते, तिच्याहून अधिक येथील वादकाने घेणे प्राप्त आहे.

लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. आणि हा बदल रेषांच्या लांबीत फार थोडा, तर आडव्या दिशेत पुष्कळ होतो. परिणामी गोल सांधा किंचित लंबगोल बनतो. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात सांधे अडकू लागतात, तर दिल्ली वा नागपूरच्या उन्हाळ्यात तेच सैल होऊन धातूची कडी खुळखुळू लागतात. सापेक्ष आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान राहील, अशी जागा वाद्याला मानवते. पेटीत एक छोटे आर्द्रतामापक ठेवल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि कोरड्या ऋतूत ओलावा देणारी डबी ठेवता येते. मात्र पुडी वाद्याला चिकटून असू नये व ओली फडकी पेटीत कोंडू नयेत. पुष्कळांच्या पेटीतील खरी ओल बाहेरच्या हवेची नसते. ती त्यांनी स्वतःच ठेवलेल्या फडक्याची असते.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत चाव्यांच्या पोलादी स्प्रिंगा गंजतात. गाद्यांतील लोकरीच्या नमद्याला कसर लागते. यावर वाद्य नियमाने वाजविणे, पेटी आठवड्यातून एकदा पूर्ण उघडून झाडणे व तिला सावलीत वारा देणे, हाच उत्तम उपाय आहे. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत वाद्य घटकाभरही ठेवू नये.

परदेशातून जुने वाद्य आणणाऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. जुन्या जर्मन बासूनच्या कर्ण्यावरील पांढरे कडे कित्येकदा हस्तिदंताचे असते, आणि असे वाद्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडताना अडविले जाऊ शकते. जुने फ्रेंच बासून शिसवाच्या जातीच्या लाकडाचे असत. या वंशातील सर्व जातींच्या व्यापारावर २०१७ मध्ये निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली. ब्राझीलचे शिसव मात्र १९९२ पासून कडक संरक्षणाखाली असून त्याला ही सूट लागू नाही. नव्या वाद्यांतील कडे प्लास्टिकचे असल्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

दोषांची पारख

वाद्य अचानक बिघडल्यासारखे वाटले, तर प्रथम पत्ती बदलून पाहावी, मग बोकल. दोष कायम राहिल्यास पंखभागाची एक सोपी परीक्षा करता येते. डाव्या हाताच्या बोटांनी त्याची तीन स्वररंध्रे बंद करावीत, खालचे तोंड तळहाताने घट्ट झाकावे आणि वरच्या तोंडातून हवा ओढून घ्यावी. भाग निर्दोष असेल तर आतील निर्वात काही क्षण टिकतो व ओठ ओढल्यासारखे वाटतात. हवा सहज येत राहिली, तर कोठे तरी गादी उघडी राहत आहे, असे समजावे. गळती जितकी वरच्या भागात, तितके तिच्याखालील अधिक स्वर बिघडतात. म्हणून नेमका कोणत्या स्वरापासून त्रास सुरू होतो, याची नोंद ठेवल्यास दूरच्या कारागिराला पत्राने किंवा दूरध्वनीवरूनही पुष्कळ मदत होते.

सैल झालेला स्क्रू त्याच्या खाचेला बरोबर बसणाऱ्या पेचकसाने हलकेच घट्ट करणे वादकाला जमण्यासारखे आहे. गाद्या बदलणे, वाकलेली चावी सरळ करणे, तळाची धातूची नळी काढून तिचे बूच बदलणे आणि उघड्या लाकडाच्या पोकळीला तेल देणे, ही कामे त्याने स्वतः करू नयेत. तेल देण्याविषयी कारागिरांतही मतभेद आहेत, तेव्हा ज्याने वाद्य बनविले त्याचीच सूचना प्रमाण मानावी. नव्या वाद्याची पहिली तपासणी सहा महिने ते वर्षाच्या आत होणे इष्ट असते. तोपर्यंत लाकूड स्थिरावलेले असते, चाव्यांचे खांब थोडे ढिले झालेले असतात व गाद्या आपापल्या जागी दबलेल्या असतात. त्यानंतर वर्षातून एक तपासणी पुरते.

या साऱ्या नियमांचे पालन करावयास दररोज दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी घडविलेले बासून आजही नामांकित वाद्यवृंदांत वाजत आहेत, आणि त्यांच्या पहिल्या मालकांची नावे आता कोणाला ठाऊक नसली, तरी त्या मालकांनी वादनानंतर बुटातील पाणी न चुकता ओतून टाकले होते, एवढे त्या वाद्यांच्या शाबूत लाकडावरून निश्चित सांगता येते.